दहा टक्क्यांचे पुण्य

दिवाळीच्या अंकात इस्पितळाविषयी लिहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. चकली तोंडात असताना औषधाचा वास कुणाला हवा असतो? तो संकेत मी आज मोडणार आहे, आणि त्याबद्दल वाचकांची क्षमा मागण्याचाही माझा विचार नाही. कारण याच दिवसांत आपल्या दाराशी पावतीपुस्तके येतात. कुणी अनाथाश्रमाचे घेऊन येतो, कुणी गोशाळेचे, कुणी इस्पितळाचे. सणाच्या उत्साहात आपण खिशात हात घालतो, पावती फाटते, आणि एक पुण्यकर्म पार पडले म्हणून आपण निश्चिंतपणे करंजीकडे वळतो. त्या पैशाचे पुढे काय होते, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. ती रीत पडावी, एवढ्यासाठी हा लेख.

माझे भांडण कोणाशी आहे, ते आधीच सांगून टाकते. पैसे मिळवण्यासाठी इस्पितळ काढणाऱ्या डॉक्टरांशी ते नाही. दुकान मांडून बसलेल्या माणसाने मालाची किंमत मागितली, तर त्यात अधर्म तो कसला? माझे भांडण आहे ते पाटीवर ‘धर्मादाय’ असे लिहून, करांत सवलत आणि पुष्कळदा जमीनही स्वस्तात घेऊन, मग मजल्यावर मजला चढवणाऱ्या आणि दर मजल्यागणिक गरिबापासून एकेक मजला दूर जाणाऱ्या संस्थांशी. आणि त्याहूनही अधिक ते आहे एका वाक्याशी. समारंभांत, सत्कारांत, वार्षिक सभांत ते मी इतक्या विश्वस्तांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्याची म्हणच झाली आहे. वाक्य असे : “संस्था वाढवायची तर व्यवहार पाहावा लागतो, सगळ्यांना फुकट वाटत बसलो, तर आठ दिवसांत कुलूप लागेल.”

हे वाक्य खोटे आहे. ते खोटे ठरवणारी एक संस्था १९७६ सालापासून तमिळनाडूत उभी आहे. ती नुसती उभी नाही, ती वाढली आहे. आणि आमच्या कोणत्याही विश्वस्ताच्या स्वप्नात येणार नाही इतकी वाढली आहे. तिच्याविषयी मी सांगणारच आहे. पण मदुराईला जाण्यापूर्वी माझ्या आत्याच्या दारावरून जावे लागेल, कारण हा राग तिथे जन्मला.

आमच्या तालुक्याच्या गावी एक धर्मादाय इस्पितळ आहे. त्याचे नाव मी सांगत नाही. नावाने काही साधायचे नाही, कारण तसली इस्पितळे गावोगाव आहेत. ते सुरू झाले तेव्हा मी शाळेत जाणारी पोर होते. एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्या, एक डॉक्टर आणि एक नर्स, एवढाच तो संसार. पुढे स्वतःची इमारत बांधायचे ठरले, तेव्हा गावातल्या बायका टोपल्या घेऊन दारोदार फिरल्या. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने घालावे. माझी आत्या त्या सुमारास नुकतीच विधवा झालेली. तीन एकर जिराईत जमीन, तीही माळाची. तिने टोपलीत पायलीभर ज्वारी घातली, आणि पाया खणायला चार दिवस बिनपगारी गेली. त्यानंतर कित्येक वर्षे त्या रस्त्याने जाताना ती मला थांबवून म्हणायची, “पोरी, ह्या पायातला एक दगड माझा हाय बरं का.”

इस्पितळ वाढले. दोनाचे पाच मजले झाले. लिफ्ट आली. आपोआप उघडणारे काचेचे दार आले. संस्थापकांच्या तसबिरीला रोज ताजा हार पडू लागला.

आत्याचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला, तेव्हा ती कुणाला न सांगता आपल्या दवाखान्यात गेली. ‘आपल्या’ हा शब्द तिचा. खिडकीतल्या मुलाने तिला अनामत रकमेचा आकडा सांगितला. तेवढे आपल्यापाशी नाहीत, असे ती म्हणाली. मग त्याने सौजन्याने (त्याचे सौजन्य मी नाकारत नाही) गरीब रुग्णांसाठी काही खाटा राखीव असतात असे सांगितले, आणि लागणाऱ्या कागदांची यादी दिली. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका. शिधापत्रिका होती तिच्या दिराच्या मुलाच्या नावावर. तो साखर कारखान्यात हंगामी कामाला, त्यामुळे कागदावर घरचे उत्पन्न जरा वर गेलेले. पत्रिका वेगळी करायची तर पुरवठा कार्यालयात अर्ज. एकच डोळा, तोही धूसर. आणि तेवढ्यावर ही बाई तीन महिने एस.टी.च्या फेऱ्या करीत राहिली. कागद पुरे झाले तेव्हा राखीव खाटा भरल्या होत्या. पुढच्या महिन्यात या, असे सांगण्यात आले.

पुढच्या महिन्यात मोतीबिंदू पिकून फुगला. डोळ्यातला दाब वाढला, डोळा लालबुंद झाला, आणि डोके भिंतीवर आपटून घ्यावे अशी कळ उठली. शेजाऱ्यांनी तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी रातोरात धावपळ केली. मोतीबिंदू निघाला, पण तोवर दृष्टीची शीर वाळून गेली होती.

तू कुठे होतीस, असे वाचक मला विचारतील. त्यांच्या आधी तो प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. मी दुसऱ्या जिल्ह्यात शाळेत शिकवीत होते. तिने मला कळवले नाही, आणि मीही त्या चार महिन्यांत फोनवर ‘बरी आहेस ना’ यापलीकडे काही विचारले नाही. माझा वाटा मी नाकारत नाही. पुढे मी तिला म्हटले, “आत्या, मला सांगायचे होतेस. पैसे मी दिले असते.” त्यावर ती म्हणाली, “अगं, आपलाच दवाखाना. आपल्याच घरात शिरायला पैसे द्यायचे व्हय?”

या प्रकरणात दुष्ट असा कोणी नाही, हे मी मुद्दाम सांगते. खिडकीतल्या मुलाने नियम पाळला. तहसील कचेरीतल्या कारकुनाने नियम पाळला. विश्वस्तांना तर आत्या नावाची बाई आली होती, हेही ठाऊक नाही. सर्वांनी आपापले काम चोख केले आणि एका बाईचा डोळा गेला. असे जेव्हा घडते, तेव्हा दोष माणसांत शोधून सापडत नाही. तो त्यांनी मांडलेल्या व्यवस्थेत असतो. ती व्यवस्था असे धरून चालते की गरीब हा अपवाद आहे, आणि अपवादाने आपण अपवाद असल्याचा पुरावा आणला पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठी १९५० सालचा कायदा आहे. त्याच्या ४१ अअ या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना ठरवून दिली. तिच्यानुसार धर्मादाय इस्पितळाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या बिलांपैकी दोन टक्के रक्कम गरिबांच्या निधीत टाकायची. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही. योजना चांगली आहे, आणि जिथे ती मनापासून पाळली जाते तिथे तिने माणसे वाचवली आहेत. पण हिच्या पोटातली लाज कोणी पाहील काय? ज्या संस्थेच्या नावातच धर्म आहे, तिला दहांतला एक गरीब आत घ्या असे न्यायालयाने सांगावे! एखाद्या देवळाला ‘दहांतल्या एका भक्ताला तरी दर्शन द्या’ असा हुकूम काढावा लागला, तर त्या देवळाविषयी आपण काय म्हणू?

आणि पुढची गंमत अशी की कायद्याने जी तळरेषा आखली, तिलाच आम्ही छत मानले. निदान दहा, असे कायदा म्हणाला. फार तर दहा, असे आम्ही ऐकले. अहवालात मोठ्या अक्षरांत छापून येते : ‘आम्ही दहा टक्के खाटा गरिबांसाठी राखून ठेवतो.’ उरलेले नव्वद टक्के कोणासाठी, हे विचारायला सभेत कोणी उभा राहत नाही, कारण सभेनंतर अल्पोपाहार असतो.

आता मदुराई.

मदुराई हे मीनाक्षीचे गाव. मासोळीसारखे डोळे असलेल्या देवीच्या त्या गावात डोळ्यांचे एक इस्पितळ निघाले, यात योगायोग असेल तर तो गोड आहे. ते काढणाऱ्याचे नाव गोविंदप्पा वेंकटस्वामी. जन्म १९१८ सालचा, शेतकऱ्याच्या घरातला. १९४४ साली मद्रासहून ते डॉक्टर झाले आणि सैन्याच्या वैद्यकीय दलात गेले. बाळंतपणे करणारा डॉक्टर व्हायचे त्यांच्या मनात होते. पण ऐन तारुण्यात संधिवाताने गाठले, माणूस अंथरुणाला खिळला, आणि उठला तेव्हा हातांची बोटे कायमची वाकडी झालेली. तो विचार सोडून ते नेत्रविद्येकडे वळले. वाकड्या बोटांत शस्त्र धरायला ते नव्याने शिकले, आणि त्याच बोटांनी त्यांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. १९७६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तिवेतनाचे कागद आणि नातवंडे सांभाळतो. या गृहस्थांनी एका घरात अकरा खाटा मांडल्या. श्रीअरविंदांवर त्यांची श्रद्धा. म्हणून नाव दिले अरविंद नेत्र इस्पितळ.

पैसा नव्हता. भावंडांनी घरे गहाण टाकली. धाकटी बहीण नाच्चियार आणि तिचे पती नम्पेरुमालसामी हे दोघेही नेत्रतज्ज्ञ. तेही या उद्योगात उतरले. जसजशी शिल्लक पडत गेली तसतसे बांधकाम वर चढत गेले. मदुराईमागून थेनी, १९८८ साली तिरुनेलवेली, १९९७ साली कोइम्बतूर, २००३ साली पुदुच्चेरी. २००६ साली वेंकटस्वामी वारले, आणि वाढ थांबली नाही. २०१७ साली चेन्नईतही इस्पितळ उघडले. वर्षाला चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया करण्यापर्यंत ही संस्था पोचली. आणि आता वाचकांनी करंजी खाली ठेवावी : यांपैकी जवळजवळ निम्म्या, आणि कित्येक वर्षी निम्म्याहूनही अधिक, शस्त्रक्रिया मोफत किंवा अगदी नाममात्र पैशांत झालेल्या आहेत. दहा टक्के नव्हेत, निम्म्या! आणि रोजचा खर्च भागतो तो देणग्यांवर नव्हे; जे रुग्ण पैसे देतात त्यांच्या शुल्कावर.

आमचे विश्वस्त यावर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. ते तीन गोष्टी म्हणतील. त्या एकेक घेऊ.

पहिली गोष्ट, फुकट वाटले तर संस्था बुडते. हे म्हणणाऱ्याने पिठाची गिरणी कधी पाहिलेली नाही. गिरणी सुरू केली की पट्टा फिरणारच. मग तुम्ही एक पायली दळा नाहीतर दहा. जागेचे भाडे तेच, यंत्र तेच, माणसाचा पगार तोच. दळण जितके अधिक, तितका दर पायलीचा खर्च कमी. वेंकटस्वामींनी हेच केले. अमेरिकेत त्यांनी मॅक्डोनाल्डची खानावळ पाहिली. तिथल्या पदार्थाने नव्हे, तिथल्या शिस्तीने त्यांना भुरळ घातली : हवे तिथे दुकान काढावे, साध्या माणसांना शिकवून तयार करावे, आणि सगळीकडे माल एकसारखा निघावा. मग डोळ्यांच्या बाबतीत ते का होऊ नये? इस्पितळात सर्वांत महाग वस्तू म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याचा वेळ. म्हणून त्यांच्याकडे शस्त्रक्रियेच्या खोलीत दोन मेजे असतात. एका मेजावरचे काम संपते तेव्हा दुसऱ्यावरचा रुग्ण तयार असतो. डॉक्टर फक्त वळतो. दृष्टी तपासणे, औषध घालणे, रुग्णाला तयार करणे, नंतर समजावून सांगणे, ही सगळी कामे खेड्यांतून निवडून आणलेल्या आणि दोन वर्षे शिकवलेल्या मुली करतात. त्यामुळे इतरत्र डॉक्टर वर्षाला काही शेकडा शस्त्रक्रिया करतो, तर तिथला दोन हजारांच्या घरात जातो. घाईत काम बिघडत असेल, असे कोणी म्हणेल. तिथल्या गुंतागुंतीचे प्रमाण ब्रिटनमधल्या आकड्यांशी ताडून पाहिले गेले, आणि अरविंद त्यात कमी पडले नाही.

या हिशेबाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. गरीब हा त्या गिरणीवरचा बोजा नव्हता. तो दळण घेऊन आला म्हणूनच गिरणी इतकी चालली, हात इतके सराईत झाले, दर इतका खाली आला, आणि पैसेवालाही तिथेच येऊ लागला. आमच्याकडे म्हणतात, आधी संस्था वाढू दे, मग गरिबाचे पाहू. तिथे गरिबाचे पाहिले म्हणून संस्था वाढली.

दुसरी गोष्ट, गरिबाला साधे चालते. हे वाक्य उघड कोणी उच्चारत नाही. ते वागण्यात असते. आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, पूर्वी मोतीबिंदू काढला की आजीच्या नाकावर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा बसे. तो पडला, फुटला, की आजी पुन्हा आंधळी. पुढे डोळ्याच्या आतच भिंग बसवण्याची रीत निघाली. पण परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास. तेव्हा भल्या भल्या तज्ज्ञांचे मत असे पडले की गरीब देशांना ही चैन परवडायची नाही. तिथल्या गरिबाला चष्माच बरा. अरविंदच्या मंडळींनी ते ऐकले नाही. १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब नावाचा स्वतःचा कारखाना काढला. तिथले भिंग परदेशी भिंगाच्या एक दशांश किमतीत मिळू लागले, आणि पुढे त्याहूनही उतरले. आज ते शंभराहून अधिक देशांत जाते. शेतमजुराच्या डोळ्यात चांगले भिंग बसावे या हट्टापायी उभा राहिलेला हा कारखाना आहे. हट्ट गरिबासाठी धरला की अक्कलही त्याच वाटेने चालू लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट, खरा गरीब कोण हे तपासायला नको काय? नाहीतर लबाड लोक फायदा घेतील! माझ्या आत्याचा डोळा या तिसऱ्या वाक्याने गेला, म्हणून इथे जरा थांबते. अरविंदमध्ये उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. पैसे देण्याचा विभाग वेगळा, मोफतचा वेगळा. कोणत्या दाराने जायचे हे रुग्णाने ठरवायचे. पैसे देणाऱ्याला खाट, खोली, हवी असल्यास थंड हवा मिळते. मोफत विभागात फार काळ जमिनीवर चटईच असे. फरक आहे, आणि तो मी लपवीत नाही. पण तो चटई आणि खाट यांच्यात आहे, शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांत नाही. डॉक्टर तेच, पाळीपाळीने दोन्हीकडे जाणारे. ज्याला सोयी हव्यात तो आपण होऊन पैसे देतो. ज्याच्यापाशी नाहीत त्याला कुणापुढे आपली गरिबी उघडी करून दाखवावी लागत नाही.

समजा, दहा लबाड फुकटच्या दाराने शिरले. काय होईल? जगात दहा लबाड स्पष्ट पाहू लागतील, एवढेच. पण दाखल्यासाठी एक खरा गरीब माघारी गेला, तर त्याचे काय होते ते मी वर सांगितले आहे. लबाडाला अडवण्यासाठी उभारलेल्या कुंपणात नेहमी गरीबच अडकतो. लबाडाला दाखला कुठे मिळतो हे पक्के ठाऊक असते.

अरविंदने तर याच्याही पलीकडची एक गोष्ट शोधली. खेड्यांतल्या शिबिरांत मोतीबिंदू आढळलेल्यांना ‘इस्पितळात या, फुकट करू’ असे सांगितले, तरी पुष्कळ जण येईनात. का येत नाहीत, याची विचारपूस झाली, तेव्हा कळले की शस्त्रक्रिया फुकट असली तरी एस.टी.चे भाडे फुकट नसते. परगावी जेवायचे काय? बुडालेली मजुरी कोण देणार? सोबतीला कोण येणार? मग त्यांनी गाडी पाठवायला सुरुवात केली. शिबिरातूनच रुग्णाला घेऊन यायचे, जेवू घालायचे, शस्त्रक्रिया करायची, आणि पुन्हा गावी पोचवायचे. गरीब का येत नाही, हा प्रश्न त्यांनी गरिबाला विचारला. आम्ही आलेल्या गरिबाला विचारतो, तू गरीब कशावरून? एवढ्या दोन प्रश्नांत दोन संस्थांचा सगळा इतिहास येतो.

आता एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. डोळ्याचे काम वेगळे, असे एक जाणते डॉक्टर मला म्हणाले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळाची, ठरावीक पद्धतीची. रुग्ण लगेच घरी जातो. हृदयाचे, मेंदूचे, कर्करोगाचे तसे नाही. तिथे महिनोन्महिने खाट अडते, औषधे महाग, निकाल अनिश्चित. तिथे गिरणीचा हिशेब लागू पडत नाही. हे खरे आहे. इतक्या कामाचा ताण तिथल्या डॉक्टरांवर आणि त्या खेड्यांतल्या मुलींवर पडत नसेल, असेही मी म्हणणार नाही. मदुराईची इस्पितळे उचलून जशीच्या तशी सोलापुरात किंवा अकोल्यात आणून ठेवा, असा माझा आग्रह नाही.

पण हा आक्षेप घेणाऱ्यांना मी फार लांब नेत नाही. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला नेते. तिथे १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आले. दुष्काळी मुलूख. मुले हगवणीने आणि बाया बाळंतपणात जात होत्या. त्यांनीही इस्पितळ काढले, पण वाढ वेगळ्या दिशेने नेली. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, काही गावकुसाबाहेरच्या, त्यांनी निवडल्या आणि आरोग्याचे काम शिकवून आपापल्या गावी उभ्या केल्या. स्वच्छ पाणी, बाळाचे वजन, सुरक्षित बाळंतपण, कुष्ठरोग्याची विचारपूस हे सगळे त्या बायका करू लागल्या. इस्पितळापर्यंत यावेच लागू नये, अशी ही वाढ होती. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरची माणसे जामखेडला शिकायला येऊ लागली. मदुराईची रीत वेगळी, जामखेडची वेगळी. एकाने शस्त्रक्रियेचा हिशेब बदलला, दुसऱ्याने आजाराचाच बदलला. दोन्हीकडे सारखे काय, तर गरीब हा हिशेबाच्या पहिल्या ओळीत होता. शेवटच्या ओळीत, उरलेल्या दहा टक्क्यांत नव्हता.

म्हणजे प्रश्न डोळ्याचा की हृदयाचा हा नाहीच. प्रश्न एवढाच की संस्था मोठी झाली असे आपण कशावरून म्हणतो. मजल्यांवरून? यंत्रांवरून? उद्घाटनाला कोण मंत्री आला त्यावरून? आमची संस्था वाढली, असे सांगताना विश्वस्त वर बोट दाखवतात, पाचव्या मजल्याकडे. मदुराईचा माणूस बाहेर बोट दाखवील, ज्या खेड्यापर्यंत त्याची गाडी जाते त्या खेड्याकडे.

मी मास्तरीण आहे. वर्गात पन्नास मुले असली आणि त्यांतली पाच मी राखीव ठेवून शिकवली, तर मुख्याध्यापक मला घरी पाठवतील. दहा टक्के मुलांना शिकवले, असे सांगून मला पगार मागता येणार नाही. मग दहा टक्के रुग्णांच्या जोरावर शंभर टक्के पुण्य कोणी कसे मागावे?

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार? आम्ही विश्वस्त नाही, डॉक्टर नाही, न्यायाधीश नाही. पण पावती तुमच्याच हातात आहे. यंदा कोणी इस्पितळाचे पावतीपुस्तक घेऊन दाराशी आला, तर त्याला आत बोलवा, चहा द्या, फराळाची बशी पुढे करा, आणि चार प्रश्न विचारा. गेल्या वर्षी तुमच्याकडे आलेल्या दर शंभरांपैकी किती जण फुकट बरे होऊन गेले? तुमच्या दारातून कागद नाहीत म्हणून किती परत गेले, आणि त्यांची नोंद कोणी ठेवतो काय? तुमच्याकडे न आलेल्या आजाऱ्याचा शोध घ्यायला कोणी बाहेर पडतो काय? आणि मोफतच्या खाटेवरला रुग्ण तोच डॉक्टर तपासतो काय, जो पाचव्या मजल्यावरचा तपासतो? उत्तरे मिळाली तर पैसे द्या, आणि दुपटीने द्या. ‘पुढच्या वेळी माहिती घेऊन येतो’ असे म्हणाला, तरीही थोडे द्या. निदान पुढच्या वेळी तो माहिती घेऊन येईल. रागावून उठला, तर पैसे वाचले. शेजारच्या घरी कोणा म्हाताऱ्या माणसाचा डोळा धूसर झाला असेल, तर त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेण्यासाठी ते वापरा. तेही धर्मादायच आहे.

पायात ज्याची ज्वारी आणि ज्याचे चार दिवस पडले आहेत, त्याला दारात ‘तू कोण’ असे विचारण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. ही इस्पितळे विश्वस्तांची नाहीत. ‘विश्वस्त’ या शब्दाचा अर्थच असा की माल दुसऱ्याचा आहे. तो दुसरा म्हणजे माझी आत्या, आणि तिच्यासारख्या हजारो.

आत्या आता माझ्याकडेच असते. दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी उंबऱ्यावर पणत्या ठेवताना मी तिला जवळ बसवते. तिच्या त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढेच कळते. पणती दिसत नाही. गेल्या वर्षी तिने हात पुढे करून ऊब चाचपली आणि विचारले, “किती लावल्यास गं?” मी सांगितले, “अकरा.” अकरा कशासाठी, ते मी तिला सांगितले नाही. मदुराईत मांडलेल्या त्या पहिल्या खाटा अकराच होत्या.